छप्पर शेवटी

माझ्या बेकरीत शनिवारी दुपारी मुलं आल्याच्या बिस्किटांची घरं सजवतात. म्हणजे निम्मं सजवतात, निम्मं पोटात जातं. आयसिंगचे कोन भरून द्यायचे आणि भांडणं मिटवायची, एवढंच माझं काम.

वर्षभर मी हा वर्ग बंद ठेवला होता. गेल्या वर्षी अशाच एका शनिवारी माझी लेक हॉस्पिटलात वारली, तेव्हा मी इथे लोकांच्या मुलांना भिंती चिकटवून देत होते. तिच्या उशाशी नणंद होती. "त्रास नाही झाला गं," एवढंच ती सांगते. लेक मला हाक मारत होती का, असं विचारलं की विषय बदलते. मला तेवढंच कळायला हवं होतं. त्यावाचून घास उतरत नाही.

या शनिवारी वर्ग पुन्हा सुरू केला. सहा मुलं आली, सगळी नवीन. माझ्याबद्दल त्यांना काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. आधी नेहमीचा गोंधळ झाला, मग एकदम सगळं चिडीचूप. मला बरंच वाटलं.

वळून पाहिलं, तर चार भिंती उभ्या करून सगळी मुलं घराच्या आत बिस्किटाचे तुकडे मांडत होती. आतून कुणीच सजवत नाही. छप्पर बसल्यावर दिसतंय कुणाला? प्रत्येक घरात एक खाट होती. खाटेला लागून एक रिकामी खुर्ची.

"अरे, छपरं कधी लावणार?"

"आई आल्यावर," त्यांच्यातला एक चष्मेवाला म्हणाला.

"आया पाचला येतील, राजा."

"आमच्या नाही. तिची."

टेबलाच्या टोकाशी कुणी नव्हतं. तरी सगळी तिकडेच बघत होती.

"ती... फार वेळ थांबलीये का रे?"

"फारच."

मला रडू आवरेना. "तिला सांग, आई आलीये. इथेच आहे."

चष्मेवाला सांगायला वळला.

"श्श! झोपली ती," सगळ्यात धाकटी कुजबुजली आणि कुणाला जाग येऊ नये अशा हलक्या हाताने तिने छप्पर ठेवलं.

मग बाकीच्यांनीही ठेवलं.

ओलं आयसिंग सुकायला तास लागतो. मी लगेच छपरं उचलायला हात घातला.

एकही छप्पर हललं नाही.