आईचा रविवारचा झगा

आई गेली ती मंगळवारी सकाळी, आणि दुपारी धन्याच्या गढीवरचा कारभारी फाइट दारात हजर. आमच्या जर्मन मुलखात, श्वाबियात, ही जुनीच रीत. बाप्या मेला तर गोठ्यातलं उत्तम जनावर धन्याचं, बाई मेली तर तिचा उत्तम पोशाख धन्याचा. आमच्याकडे देवाघरची वाटसुद्धा गढीवरूनच जाते.

आईचा काळ्या लोकरीचा झगा होता, बाह्यांना लाल काठ. रविवारी चर्चला जाताना तेवढा घालायची. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून म्हणाली होती, "कुनी, पोरी, मला त्यातच पूर गं. न्यायाच्या दिवशी देवापुढे काय फाटक्यात उभी राहू?"

मी हो म्हटलं होतं.

फाइटपुढे मी तिचा जुना तपकिरी झगा धरला. त्याने तो काठीने बाजूला सारला. "मला शिकवतेस होय गं? चर्चमध्ये मला डोळे नव्हते?"

मी काळा झगा दिला. भ्यायले, दुसरं काय. आईला तपकिरी झग्यातच पुरलं.

महिन्याभराने माझी वेठ गढीवर लागली, फरशा घासायची. पहाटे बादली घेऊन दिवाणखान्यात शिरले, तर फरशी आधीच घासलेली. ओली. राखेच्या पाण्याचा वास येत होता. दुसऱ्या पहाटेही तेच. तिसऱ्या दिवशी पाण्याचे थेंब कपड्यांच्या खोलीपर्यंत गेलेले दिसले, म्हणून मी ती उघडली. गावातल्या मेलेल्या बायकांचे चाळीसएक पोशाख खुंट्यांवर टांगलेले, सगळे कोरडे. आईचा तेवढा कोपरापर्यंत ओला होता.

मी थेट धन्याच्या पायावर पडले. तो न्याहारीला बसला होता, हातात हंसाची तंगडी.

"धनी, माझी आई सुटली नाही हो. झगा द्या, तिच्याजवळ पुरते."

त्याने सगळं ऐकून घेतलं. तो जरासुद्धा घाबरला नाही, हे मी अजून विसरले नाही. फाइटकडे वळून त्याने विचारलं, "म्हणजे म्हातारी अजून राबतेय?"

"दिसतंय तसं, धनी."

"मग हिला शेतावर पाठव. एका कामाला दोघी कशाला?"

फाइट हसला. ओठ मात्र पांढरेफटक पडले होते त्याचे.

मला असा संताप आला, की भीती कुठल्या कुठे पळाली. दुसऱ्या दिवशी चर्चची घंटा व्हायच्या आत मी मागच्या दाराने गढीत शिरले. झगा चोरायचा आणि थडगं उकरून आईच्या अंगावर घालायचा, एवढंच डोक्यात होतं. कपड्यांच्या खोलीत गेले. आईची खुंटी रिकामी होती.

दिवाणखान्यातून आवाज येत होता... खर्र... खर्र... घासणीचा.

काळा झगा फरशीवर गुडघे टेकून वाकला होता. वर डोकं नव्हतं, बाह्यांतून हात बाहेर आलेले नव्हते. घासणी तेवढी पुढे-मागे होत होती. हिने जन्मभर हेच केलं होतं.

"आई..." मी हळूच म्हटलं. "मी आलेय, तुझी कुनी. ऊठ. चल घरी."

घासणी थांबली. मग रिकाम्या गळ्यातून आईचा आवाज आला, जिवंतपणी गढीवर यायचा तसाच दबका.

"धन्यांना विचारलंस...?"

मी तिची ओली बाही धरून ओढली.

"विचारून ये, बाळा," ती म्हणाली. "तोवर मी एवढा कोपरा उरकते."