टिटवीचं कोवळं वेष्टन

टिटवीचा उजवा पंख टेबलावर काढून ठेवला होता. तीन फासळ्या मोडलेल्या, वरचं वेष्टन टोकापासून मध्यापर्यंत फाटलेलं. मसाई पठारावरच्या उड्डाण-प्रयोगशाळेत मंदाताई हुपरीकर सव्वीस वर्षं प्रतिकृती विमानं बांधत होत्या. तरी टिटवीइतकं मोडलेलं विमान त्यांनी क्वचितच पाहिलं होतं.

"उतरवताना दगड दिसलाच नाही," वैमानिक निरंजन लेले पुटपुटला. विमान उचलायला धावताना तोही आपटला होता. मुरगळलेलं मनगट आठ दिवस हलवायची त्याला बंदी होती आणि नवव्या दिवशी परीक्षण समिती येणार होती. टिटवी उडाली नाही, तर दुर्गम पाड्यांवर औषधं पोचवणाऱ्या, तिच्याच धर्तीच्या मोठ्या विमानाचा प्रकल्पच गुंडाळला जाणार होता.

"ठिगळ लावू का?" मंदाताईंनी विचारलं.

"नको, हे वेष्टन मेलंय," डॉ. शमीम मुजावर म्हणाल्या. सूक्ष्मजीवांच्या तंतूंपासून हे सजीव वेष्टन त्यांनीच वाढवलं होतं. "नवं चढवा. पण ते कोवळं असेल. हे आपल्या हाडासारखं असतं, ताई. जिथं वारंवार ताण पडतो तिथं जाड होतं, जिथं पडत नाही तिथं विरळ. त्याला पक्कं करायचं तर रोज दोन तास उडवायला हवं."

"उडवणार कोण?" निरंजनने बांधलेला हात दाखवला.

दोघांनी मंदाताईंकडे पाहिलं. "मी? मी विमानं बांधते हो, उडवत नाही!" असं म्हणताना त्यांना हसू मात्र आवरेना. सव्वीस वर्षांत दूरनियंत्रक त्यांच्या हाती कुणी दिलाच नव्हता.

दोन दिवसांत त्यांनी बाल्साच्या हलक्या लाकडाच्या नव्या फासळ्या कातून बसवल्या, सांधे घासून गुळगुळीत केले. दोन्ही पंखांवरचं जुनं वेष्टन सोलून काढलं. साखरपाण्यात वाढवलेला नवा ओला पापुद्रा चढवून कडा चिकटवल्या आणि कोमट वाफ दिली. पापुद्रा आकसत गेला, सुरकुत्या मिटल्या. त्यांनी बोटानं टिचकी मारली, तसा पंख खणखणीत वाजला.

उड्डाणाच्या पहिल्या दिवशी टिटवी प्रत्येक वळणावर डावीकडे कलंडली. दोनदा गवतात शिरली. निरंजन बाजूला उभा राहून ओरडायचा, "हळू, ताई, हळू!" चौथ्या दिवशी ती बऱ्यापैकी वळू लागली. सहाव्या दिवशी तर सुतासारखी सरळ आली आणि पायाशी अलगद टेकली. मंदाताईंनी त्या दिवशी घरी जाताना घरच्यांसाठी जिलेबी घेतली.

समितीच्या पाच जणांसमोर निरंजनने दूरनियंत्रक हातात घेतला. टिटवी झेपावली आणि पहिल्याच वळणाला भलतीकडे, उजवीकडे ओढली गेली. त्यानं सावरलं, ती पुन्हा ओढली गेली. घामाघूम होऊन त्यानं तिला कशीबशी उतरवली.

"दुरुस्ती नीट झालेली दिसत नाही," समितीचे अध्यक्ष म्हणाले. मंदाताईंचा चेहरा पडला.

शमीमनी मात्र पंखावर जाडी-मापक फिरवला आणि त्या एकदम हसू लागल्या.

"दुरुस्ती अगदी चोख आहे. ताई वळताना कळ डावीकडे जास्त दाबतात. रोज त्याच जागी ताण पडला, तिथं वेष्टन जाड झालं आणि पंखाला उजवीकडे पीळ बसला. त्यांची चूक विमानानं भरून काढलीय. निरंजन ती चूक करतच नाही, म्हणून त्याच्या हातात विमान चुकतंय."

"मग आधी माझ्या हाती ते असं का बदललं नाही?" निरंजननं विचारलं.

"तू चुकत नव्हतास. वेष्टनाला शिकायला काही मिळालंच नाही."

अध्यक्षांनी पंखावरून बोट फिरवलं. "म्हणजे पाड्यावरच्या ज्या आरोग्यसेविकेनं कधी विमान उडवलं नाही..."

"तिचं विमान आठवडाभरात तिच्या हाताला बसेल."

"दाखवा."

निरंजनने दूरनियंत्रक मंदाताईंच्या हाती दिला. त्यांनी कळ नेहमीसारखीच जरा जास्त डावीकडे दाबली. टिटवी पठारावरून दरीवर गेली, ऐटीत वळली, परत आली, पुन्हा गेली. टाळ्या वाजल्या. अध्यक्षांनी मंजुरीवर सही केली, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "आता उतरवा, ताई."

"इतक्यात नाही," मंदाताई म्हणाल्या.