खीर अडवणारा कपलर

मिक्सर किंचाळला, गुरगुरला आणि गप्प बसला. भांड्यात खिरीसाठी भिजवलेले तांदूळ जसेच्या तसे. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी खटपट्याकडे. खटपट्या म्हणजे आमचा घरकाम करणारा यंत्रमानव. त्यानं भिंतीकडे पाहिलं.

खरं तर चूक माझी होती. काल मी ओली चटणी काठोकाठ भरून वाटली. ती सांडून खाली झिरपली, हे मी कुणाला सांगितलंच नाही. आणि आज माझ्या धाकट्या बहिणीचं, चार्वीचं उष्टावण! बाळाला पहिला घास मामानं भरवायचा असतो. त्यासाठी दिगूमामा पृथ्वीवरून इथे चंद्रावर, शशांकनगरात आला होता, जुना मिक्सर बरोबर घेऊन. त्याचं परतीचं यान चार वाजता होतं आणि पुढचं थेट आठ महिन्यांनी. मला रडूच यायला लागलं.

“खलबत्त्यात कुटू का?” मी विचारलं.

“नीरजा, इथे बत्त्याला वजन कुठलं? पृथ्वीच्या एक षष्ठांश,” आई म्हणाली. “उद्यापर्यंत कुटत बसशील.”

मामानं आधी मिक्सरची पिन काढली, मग भांडं उतरवलं. खाली कपलर (मोटरची गती पात्याला देणारा दातेरी तुकडा) चटणीनं लिंपला होता. तो काढल्याशिवाय आतली घाण निघणार नव्हती. खटपट्यानं मिक्सर आडवा करून तळाचं झाकण उघडलं. एका चिमट्यानं मोटरचा दांडा धरला, दुसऱ्यानं कपलर डावीकडे फिरवला. हलेना. आणखी जोर लावला. तरी हलेना.

“थांब रे, मोडशील!” मामा ओरडला. “चंद्रावर दुसरा मिळायचा नाही.”

“उघडायचं ते डावीकडे,” खटपट्या म्हणाला. “नियम क्रमांक एक.”

त्याचंही बरोबर होतं. शशांकनगरात हवाबंद दारापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळं डावीकडेच उघडतं. घाईत कुणी चुकू नये म्हणून तसा नियमच आहे. इथे जन्मलेल्या आम्हा पोरांना उघडायची दुसरी दिशा ठाऊकच नाही. मग हाच का अडला? माझं डोकंच चालेना.

मामानं पाण्याची बाटली दिली. “झाकण घट्ट धर. ते फिरवू नकोस, बाटली उजवीकडे फिरव.”

झाकण सुटून माझ्या हातात आलं!

“पण मी झाकण फिरवलंच नाही!”

“बाटली पुढे गेली, झाकण मागे राहिलं. बाटलीच्या दृष्टीनं ते डावीकडेच फिरलं. आता सांग, मोटर कुठे फिरते?”

मिक्सरवर बाण होता. “उजवीकडे.”

“आणि तांदूळ पात्याला अडवतात. मग कपलर?”

“मागे राहणार... म्हणजे सुटणार? पण तो तर सुटत नाही!” माझा गोंधळ वाढलाच. मी झाकण परत लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आणि एकदम कळलं. “मामा, त्याचे आटे (स्क्रूवर गोल चढत जाणाऱ्या खाचा) उलटे आहेत! म्हणून मिक्सर चालताना तो सुटायच्या ऐवजी आवळला जातो. खटपट्या, तू इतका वेळ तो घट्ट करत होतास!”

खटपट्याचे दिवे लुकलुकले. “नियम चुकीचा आहे?”

“चुकीचा नाही रे,” मामा म्हणाला. “फक्त सगळीकडे चालत नाही.”

मी कपलर उजवीकडे फिरवला. कर्र करून तो निघाला. खाली वाळलेली हिरवी चटणी!

“ही कुणाची करामत?” आईनं विचारलं.

“माझी,” मी मान खाली घालून म्हणाले.

आईनं रागावण्याऐवजी माझ्या हातात ब्रश दिला. मी खरवडलं, ओल्या फडक्यानं पुसलं, कोरडं केलं आणि कपलर डावीकडे फिरवून बसवला. मिक्सर झकास गरगरला.

तीन वाजून वीस मिनिटांनी मामानं चार्वीच्या जिभेवर खीर टेकवली. तिनं तोंड वेडंवाकडं केलं, मग मिटक्या मारल्या. मामाचे डोळे भरून आले.

चारला त्याचं यान उडालं. मी चार्वीला कडेवर घेऊन खिडकीशी उभी होते. पुढच्या खेपेला मामा येईल तेव्हा ही धावत असेल आणि मी मिक्सर एकटीनं उघडत असेन. यान दिसेनासं झालं, तशी चार्वीनं माझ्याकडे वळून ‘आ’ केला. दुसरा घास मी भरवला.