गाण्यातली हजेरी

कोल्हापूरकडच्या कुठल्याही हळदीत ते जुनं डिस्को गाणं वाजल्याशिवाय नवऱ्याचा मामा ऑर्केस्ट्रावाल्यांना सोडत नाही. चाळीस वर्षं उलटली, नाचणारे बदलले, गाणं तेच. मधेच सगळी वाद्यं थांबतात आणि गायिका लाडिक उसासा टाकते, ‘हाय!’ आता आपल्या माणसांना असले उसासे कुठले कळायला? त्यांनी सरळ अर्थ लावला, ‘आहे’. तेव्हापासून तिथं हजेरी सुरू झाली. गायिकेनं एखाद्या पाहुण्याचं नाव पुकारायचं, त्यानं ‘हाय!’ म्हणून ओरडायचं, की पुन्हा ठेका सुरू.

ऑर्केस्ट्रातली गायिका सोनम हे गाणं डोळे मिटून म्हणायची. उचगावच्या एका हळदीत खालून कुणीतरी नाव सुचवलं, ‘प्रसेनजीत’. तिनं सवयीनं पुकारलं, आणि मग नाव कुणाचं घेतलं ते तिच्या ध्यानात आलं. तिचा धाकटा भाऊ प्रसेनजीत काही वर्षांपूर्वी महापुरात माणसं काढायला कुरुंदवाडला होडी घेऊन गेला होता. तो परत आला नव्हता, त्याचं प्रेतही मिळालं नव्हतं.

मांडवाच्या पार मागून उत्तर आलं, “हाय.”

शब्द ओढून म्हणायची त्याचीच सवय. गाणं संपल्यावर तिनं चौकशी केली. त्या नावाचा पाहुणा लग्नात कुणीच नव्हता.

इचलकरंजीच्या हळदीत तिनं मुद्दाम तेच नाव घेतलं. या वेळी आवाज मांडवाच्या मधोमध आला. ढोलकीवाल्या बुद्धभूषणनंही तो ऐकला, कारण पुन्हा ठेका धरायला उचललेला त्याचा हात तसाच राहिला.

घरात भावकीनं तगादा लावला होता, प्रसेनजीत गेला असं धरून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून घ्या. तिची आई आक्काताई एकच उत्तर द्यायची, “आधी मढं दावा.” सोनमनं मनाशी पक्कं केलं. भाऊ आहे की नाही, हे त्याच्याच तोंडून काढायचं, आणि तेही आईसमोर.

पुढची हळद कोल्हापुरातच होती, भर दुपारी. आईला तिनं पहिल्या रांगेत बसवलं. बुद्धभूषण म्हणाला, “सोनम, आज गाणंच बदलू.”

“न्हाय. आज इचारणारच.”

वाद्यं थांबली. तिनं नाव पुकारलं.

“हाय.”

अगदी स्टेजला लागून. तिथं कुणीही नव्हतं.

सोनमनं माईक सोडला नाही. “प्रसेन, कुठं हाईस तू?”

मांडवातले लोक हसले. त्यांना ही नवी गंमत वाटली.

मग त्याच आवाजानं स्वतःच हजेरी घेतली.

“आई?”

आक्काताईचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत सोनमनं तिला असं पाहिलं नव्हतं. तिनं पदर सावरला, शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला.

“हाय रं, बाळा.”

ठेका पुन्हा सुरू झाला. लोक नाचू लागले. सोनम माईक टाकून खाली धावली. आई जागच्या जागी होती, मांडीवर हात ठेवून हसत होती. सोनमचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात नवरदेवाची आत्या बयाबाई जेवणाचं ताट घेऊन आली. आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिनं सोनमला विचारलं,

“बसू व्हय गं हितं? खुर्ची रिकामीच हाय न्हवं?”