टोर्स्टनचे दोन अंश

गुनव्होरने ती स्नोमोबाइल माझ्या गॅरेजात आणली तो जानेवारीतला मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजत आले होते, म्हणजे बाहेर नुकतं निळसर दिसू लागलं होतं. दोन-तीन तासांत तो निळेपणाही जाणार होता. आम्ही ट्रेलरवरून गाडी उतरवली. मग हातमोजे काढत ती म्हणाली, "ट्यूरा येतेय उमेओहून. बापाच्या गाडीवरून ग्रोफ्येलवर जायचं म्हणते. वर्ष होईल ना आता."

"त्याच चढावर?"

"सांगून पाहिलं. ऐकली तर टोर्स्टनची पोर कसली!"

गुनव्होरचा नवरा टोर्स्टन आणि मी शाळेपासूनचे मित्र. गेल्या फेब्रुवारीत ग्रोफ्येल डोंगराच्या चढावर, अगदी मधोमध, त्याचं इंजिन बंद पडलं. मग वादळ सुटलं. तिसऱ्या दिवशी तो लोकांना गाडीजवळच गोठलेला सापडला. इंजिन मीच उघडलं. पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. पोलिसांनी कारण विचारलं तेव्हा मी कागदावर लिहून दिलं, खराब पेट्रोल.

पेट्रोल चांगलं होतं.

पिस्टन वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते. किती आधी, ते अंशांत मोजतात. टर्बो आत हवा कोंबत असताना ठिणगी आणखी लवकर पाडली तर जोर वाढतो, पण इंजिन आतून ठोके खाऊ लागतं आणि शेवटी पिस्टन वितळतो. त्या इंजिनाला सोळा अंश पुरेसे होते. टोर्स्टन आठवडाभर मागे लागला होता. "दोन अंश मागतोय रे, तुझी मासे धरायची जागा नाही मागत!" मी हसलो आणि अठरा करून दिले. हे आम्हा दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

नवा पिस्टन बसवायला दोन दिवस गेले. गुरुवारी लॅपटॉप जोडून मी ठिणगीचं टायमिंग सोळावर आणलं. इंजिन सुरू करून टायमिंग लाइटखाली फ्लायव्हीलची खूण पाहिली. खूण जागच्या जागी होती.

शुक्रवारी सकाळी गाडी अठरा दाखवत होती.

आकडा साठवायला विसरलो असेन, असं वाटलं. पुन्हा सोळा केले आणि पासवर्ड घातला. शनिवारी पुन्हा अठरा. मग मी फ्लायव्हील काढून त्याला जागेवर धरणारी चावी सरकली आहे का ते बघितलं, सगळी वायर बोटांनी चाचपली, जोडण्या पुसल्या. कुठेच दोष नव्हता. टायमिंग सोळावर आणून लॅपटॉप घरी नेला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. गॅरेजची किल्ली खिशातच होती.

सोमवारी गाडीने अठरा दाखवले, तेव्हा मी नोंदी उघडल्या. गाडीचा कंप्युटर प्रत्येक फेरीची नोंद ठेवतो. हवेचा दाब, तापमान, ठिणगीची वेळ, सगळं.

रविवारची एक नोंद होती. सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी सुरू झालेली. त्या वेळी मी स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलो होतो, गॅरेजपासून वीस पावलांवर. एवढं मोठं इंजिन सुरू झालं असतं तर खिडक्यांच्या काचा थरथरल्या असत्या.

मी पेट्रोलची टाकी पाहिली. एक थेंब कमी झाला नव्हता. दाराबाहेर शनिवारी पडलेलं बर्फ तसंच सपाट होतं.

गॅरेजात हीटर चालू असतो, वीसच्या खाली पारा कधी जात नाही. नोंदीत आत येणाऱ्या हवेचं तापमान होतं उणे एकतीस. दाब होता हजार मीटरहून उंचावरचा. आमचं गाव चारशेवर आहे. ग्रोफ्येलचा तो चढ हजाराच्या वर.

थ्रॉटल पूर्ण दाबलेला. ठिणगी अठरावर. अकरा बेचाळीसला इंजिन बंद.

खाली आणखी ओळी होत्या. स्टार्टर दाबल्याच्या. पहिली चार सेकंदांनी. मग मिनिटामिनिटाला. मग दहा-दहा मिनिटांनी. मग तासातून एकदा.

शेवटची संध्याकाळी पाच वीसची.

वर्षभर मी स्वतःला समजावत आलो होतो, की टोर्स्टनला मरायला फार वेळ लागला नसेल.

दुसऱ्या दिवशी मी गुनव्होरकडे गेलो. तिने कॉफी ओतली, आमच्याकडच्या रीतीने त्यात चीजचे तुकडे टाकले आणि कप माझ्यापुढे सरकवला. मी हातही लावला नाही.

"पेट्रोल खराब नव्हतं," मी म्हणालो. "मी टायमिंग वाढवून दिलं होतं. दोन अंश."

तिने किटली शेगडीवर परत ठेवली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं त्याने. 'हाल्वरने दिले एकदाचे!' लहान मुलासारखा खूश होता."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. वर्ष लावलंस, हाल्वर." तिने माझा कप उचलून मोरीत रिकामा केला. "ट्यूराला मी नाही सांगणार. ते तूच सांग."

मी तिथूनच फोन लावला. ट्यूराने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सोळावर ठेव," आणि तिने फोन ठेवला. पोलिसांना मी खरा कागद लिहून दिला. परत येऊन टायमिंग सोळावर आणलं.

बुधवारी सोळा. गुरुवारी सोळा. शुक्रवारीही सोळा, आणि नवी नोंद एकही नाही. त्या रात्री मला कितीतरी महिन्यांनी झोप लागली.

शनिवारी दुपारी गुनव्होर ट्रेलर घेऊन आली. मी बाहेर दारापुढचं बर्फ फावड्याने बाजूला करत होतो. ती एकटीच आत गेली.

"हाल्वर." तिची हाक मोठी नव्हती.

मी आत गेलो. ती गाडीपाशी उभी होती, हातमोजा काढलेला हात सीटवर टेकवून.

"आत्ता बसला होतास का इथे?"

"नाही. सकाळपासून बाहेरच आहे मी."

तिने हात उचलला. माझा हात धरून त्याच जागी ठेवला. सीट ऊबदार होती, अंगाची ऊब असते तशी.

माझ्या तळव्याखाली सीटचा दबलेला फोम, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा, हळूहळू वर येत होता.