फुली मारलेले संकल्प

पालट सुरू करण्याआधी पडद्यावर एक पिवळी चौकट आली होती. ‘जुन्या पाटीतल्या फुल्या नव्या मण्यात उतरत नाहीत. आधी नोंदी पाहून घ्या.’ शाल्मलीने ती वाचली आणि ‘कळलं, पुढे चला’वर बोट ठेवलं.

एरवी ती अशी नव्हती. दूध पावडरच्या डब्यामागची बारीक अक्षरं उजेडात धरून वाचणारी, ईराला ढेकर आली नाही तर रात्र जागून काढणारी बाई ती. ‘तुझ्या पोरीला शिंकायलासुद्धा तुझी परवानगी लागेल,’ असं तिची आई म्हणायची. पण त्या दिवशी ईरा कडेवर किंचाळत होती, आईच्या पाटीचा सेल फुगून झाकण उचललं गेलं होतं, आणि फुल्या म्हणजे काहीतरी सजावटीची भानगड असणार, असा शाल्मलीने समज करून घेतला.

तिच्या आईला, मंदाकिनीबाईंना, संकल्पलोप होता. या आजारात माणूस काही विसरत नाही. नावं, चेहरे, आमटीतलं मिठाचं प्रमाण, सगळं जागेवर असतं. फक्त पुढे काय करायचं ते सुचत नाही. गॅस पेटलेला दिसतो, दूध वर आलेलं दिसतं, गॅस बंद करायचा असतो हेही ठाऊक असतं. पण हात उठत नाही. अशा माणसांना त्यांच्या जुन्या पाट्यांनी तारलं होतं. शाल्मलीच्या जन्माच्या सुमारास तळहातावर मावणारे ते संगणक घरोघरी आले होते. मनात ‘हे करायचं’ असं पक्कं झालं की कानामागची चकती ते टिपायची आणि पाटीत नोंद व्हायची. पुढे त्या नोंदीचं निमित्त समोर आलं, म्हणजे आभाळ भरून आलं, किंवा दारात विशिष्ट माणूस उभा राहिला, की पाटी मेंदूला हळूच ढकलायची: दोरीवरचे कपडे काढ, त्याला उसने दिलेले डबे माग. निरोगी माणसाला ती चैन होती. मंदाकिनीबाईंचा सगळा दिवस त्यावर चालायचा. पाटी चालू असेतो त्या कुणालाही ठणठणीत वाटत.

पाट्या बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. आता तांदळाच्या दाण्याएवढे मणी आले होते, पण मण्याला पाटीची फाइल वाचता येत नसे. म्हणून जगभरच्या हौशी जाणकारांनी मिळून ‘पालट’ लिहिलं होतं. ते कुणालाही वापरता यावं, त्याचा कोड कुणालाही उघडून सुधारता यावा, असं. शाल्मलीने पाटी जोडली, चहा होईस्तोवर काम झालं. मिरजेच्या दवाखान्यात आईच्या कानामागे मणी बसला, आणि फुगलेली पाटी तिने ई-कचऱ्याच्या गाडीत टाकली. घरात रांगतं होऊ घातलेलं मूल. असली वस्तू ठेवायची कशाला?

सुरुवातीला मजाच झाली. मंदाकिनीबाईंनी केस तांबडे रंगवून घेतले. मग नणंदेला फोन लावला. “वन्सं, तुमच्या पुरणपोळीला आयुष्यात कधी चव नव्हती. भावाचं मन मोडायला नको म्हणून गिळली मी.”

“आई, अगं!” शाल्मली हसून हसून खाली बसली.

“कधीपासून सांगायचं राहिलं होतं,” आई शांतपणे म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

पुण्याला नोकरीवर असलेल्या नवऱ्याला शाल्मलीने कळवलं, की आई भलतीच भारी झाली आहे. मग शाल्मलीची बाळंतपणाची रजा संपली. आईवर ईराला सोपवून ती दूध संघाच्या प्रयोगशाळेत पुन्हा जायला लागली. पाळण्यावर कॅमेरा लावला, दर थोड्या वेळाने फोन उघडून बघायची. पाळणा हलत असे, आई काहीतरी गुणगुणत असे.

एके दिवशी घरी आली तर परसातलं लिंबाचं झाड आडवं पडलेलं. बाबांनी लावलेलं. बाबा वारल्यावर आई रोज त्याच्याशी दोन शब्द बोलायची.

“माणूस बोलावून तोडून घेतलं,” आई म्हणाली. “तोडायचंच होतं ना.”

“कधी ठरवलं होतंस?”

“तुझे बाबा त्या रात्री घर सोडून गेले होते बघ, तेव्हा.”

बाबा त्यानंतर दोनच दिवसांत परत आले होते. पुढे वीस वर्षं सुखाचा संसार झाला होता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून शाल्मली डॉ. शमीम मुजावरांकडे गेली. त्या मेंदूशास्त्रज्ञ, आणि ‘पालट’ लिहिणाऱ्यांपैकी एक. मिरजेतच राहायच्या. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

“जुनी पाटी कुठे आहे?”

“टाकली. सेल फुगला होता, मॅडम.”

“मग फुल्या गेल्या. बघा, माणूस दिवसभरात काय काय ठरवतो! ह्याला हाकलून देईन, नोकरीच सोडेन, विहीर जवळ करीन. आणि घटकाभराने विचार बदलतो. मन बदललं की पाटी ती नोंद पुसत नव्हती. पुसायला बॅटरी फार जायची. नोंदीवर नुसती फुली मारायची, म्हणजे हिच्याकडे लक्ष देऊ नकोस. घरच्या संगणकाला पाटी जोडून कंपनीचा प्रोग्रॅम चालवला की फुलीवाल्या नोंदी कायमच्या जायच्या.”

“आईने कधीच जोडली नाही. तिला ते किचकट वाटायचं.”

“बऱ्याच जणांनी नाही जोडली. आणि मण्यात फुलीला जागाच नाही. त्यामुळे तुमच्या आईने आयुष्यभर जे जे ठरवलं आणि मग नको म्हटलं, ते सगळं आता नुसतं राहिलेलं काम झालंय. निमित्त जुळायचा अवकाश.”

“निमित्त म्हणजे...”

“जागा, वेळ, माणूस. एखादा आवाजसुद्धा. नोंदी कधीपासूनच्या आहेत?”

“माझ्या जन्मापासूनच्या,” शाल्मली म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं. दुपार होती. ईराचं पोट कधीमधी दुपारी दुखायचं. मग रडायची ती थांबायची नाही.

तिने फोन उघडला. पाळणा रिकामा होता.

ती घरी पोचली तेव्हा आई स्वयंपाकघरात चहात बिस्कीट बुडवून खात होती.

“ईरा कुठंय?”

“ठेवून आले की. स्टँडवर. तासगावच्या गाडीत, मागच्या सीटवर.” आईने कपाळावरचा घाम पुसला. “रडत होती फार. गाडी सुटली तशी ऐकू येईना.”

शाल्मली ओरडली, फोन लावले, दारातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून दारात पळाली. शेजाऱ्यांनी मोटारसायकली काढल्या. आई तिच्याकडे नवलाने बघत होती.

“एवढं काय गं त्यात? करायचं होतं ते केलं. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! केवढं जुनं काम होतं.”

ईरा सीटखाली सापडली, तासगाव डेपोच्या आवारात, उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत. झाडायला आलेल्या बाईने ते इवलंसं कण्हणं ऐकलं. दवाखान्यात सलाईन लागलं. ती वाचली. सीटवरून पडताना डाव्या कानाला मार बसला होता; त्याला पुन्हा ऐकू येईल का, ते डॉक्टर अजून सांगत नाहीत.

मुजावर मॅडमनी मण्यातली नोंद उघडून दाखवली. शाल्मली चार महिन्यांची असतानाची. ‘घरी कुणी नसताना पोरगी रडायची थांबेना झाली की स्टँडवर न्यायची. सुटणाऱ्या गाडीत ठेवायची. मागे बघायचं नाही.’

संध्याकाळी ती आईसमोर बसली. “मला ठेवणार होतीस?”

“हो.” आईच्या आवाजात ना लाज होती ना राग. “तू झोपूच द्यायची नाहीस.”

“मग का नाही ठेवलंस?”

आई विचार करत राहिली. खरोखर मनापासून शोधत राहिली. “नाही सांगता येत बाई. काहीतरी झालं असेल.”

तेवढं एक उत्तर शाल्मलीला हवं होतं आणि तेवढंच फाइलीतून गळलं होतं. ठरवलेलं सगळं उतरलं होतं. मागे फिरणं उतरलं नव्हतं.

“दोनच मार्ग आहेत,” मॅडम दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. “सगळे संकल्प पुसायचे. मग त्या घास तोंडाशी धरूनही गिळणार नाहीत. नाहीतर एकेक नोंद वाचायची आणि कुठली खरी, कुठली फुलीची, हे तुम्ही ठरवायचं.”

“मी कसं ठरवू?”

“मलाही तेच कळत नाही.”

शाल्मली वाचत बसली. ‘शालूच्या फीसाठी पाटल्या मोडायच्या.’ पाटल्या मोडल्या होत्या, म्हणजे ही खरी. ‘शालूला एकदा जवळ घेऊन सगळं सांगायचं.’ असं कधी घडलं नव्हतं. राहून गेलं होतं, की ठरवून फुली मारली होती? ‘शालूच्या लग्नात हसतमुख राहायचं.’ ‘शालूच्या घरी मरायला जायचं नाही.’ ‘शालूच्या बाळाला माझ्या हाताने न्हाऊ घालायचं.’ वाईट नोंदी फुलीच्या धराव्यात असं मन म्हणत होतं. पण मग चांगल्या फुलीच्या नसतीलच, हे कुणी सांगावं? ज्या मायेवर ती वाढली ती आईने ठरवून केलेली होती, की आईने जे जे करायचं टाळलं त्यातून उरलेली होती? आणि न्हाऊ घालताना पाण्याशी कुठली जुनी नोंद जुळेल, त्याचा भरवसा कोण देणार?

शेवटी तिने ज्या ज्या नोंदीत स्वतःचं नाव होतं, पोर होती, बाळ होतं, त्या सगळ्या पुसल्या. गोड आणि कडू, एकही न ठेवता.

आता मंदाकिनीबाई वेळेवर उठतात, आंघोळ करतात, जेवतात, ताट घासतात. लेकीला ओळखतात, नातीचं नाव विचारलं तर बरोबर सांगतात. ईरा रडली तर त्यांची मान वळत नाही. शाल्मली समोर बसून रडली तेव्हा त्यांनी तिच्या अंगावरून हात लांब करून मिठाची बरणी घेतली.

घर सुरक्षित आहे. कॅमेरा काढून टाकला आहे.

परवा शाल्मलीने ‘पालट’च्या चर्चा-फलकावर, जिथे वापरणारे आपापल्या अडचणी मांडतात, आयुष्यातली पहिली नोंद लिहिली. आवृत्ती कोणती, बिघाड कसा, हे मुजावर मॅडमनी नीट समजावून लिहिलंच होतं. तिने त्याखाली एवढंच जोडलं:

‘हे वाचताय म्हणजे तुमच्याही घरी कुणाची तरी पाटी पालटली आहे. ते छान आहेत, हसतात, जुनी राहिलेली कामं हौसेने करतात, असं तुम्ही सांगाल. मीही सांगत होते. फोन करू नका, ते फोनवर नीटच बोलतील. पुढचं नंतर वाचा. आधी उठा आणि ते आत्ता कुठे आहेत, ते डोळ्यांनी बघून या.’