लाल बटण बंद झाल्यावर

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. पण हे घडलंय. ज्याच्यासोबत घडलं तो माझा सख्खा मामा आहे, चांगला ठणठणीत आहे, आणि मुकुंदवाडीला रेल्वे स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत राहतो.

भुताखेतांचं नाव काढलं की हाच मामा आम्हाला हसायचा. "जन्म गेला वाळूजला रातपाळी करण्यात. एक भूत नाय भेटलं. भेटला तो सुपरवायझर!"

आता हसत नाही.

साल दोन हजार पंधरा. शहर तेव्हा कागदोपत्री औरंगाबाद होतं. डिसेंबरातला शुक्रवार. आणि रात्र नव्हती बरं का... नुसती दिवेलागण झाली होती.

मामाचं नाव सांडू. रिटायर झालेला. सारजामामी आदल्या वर्षी गेली, आणि घरात मामा एकटाच उरला. एकुलता एक मुलगा पुण्याला, तोही त्या हिवाळ्यात कॅनडाला निघाला. फ्लॅट रिकामा करताना त्यानं आपले स्पीकर टेम्पोत घालून बापाकडं धाडून दिले. फोनवर म्हणाला, "लई भारी आहेत, पप्पा. विकायला जीव होत नाही. तुम्ही गाणी ऐका."

दोन काळे उभे स्पीकर. माणसाच्या छातीला लागतील एवढे.

अ‍ॅम्प्लिफायर मात्र आलाच नाही. तो मुलानं आधीच कुणाला तरी देऊन टाकला होता.

मामानं काय करावं? माळ्यावरून आपला जुना अ‍ॅम्प काढला, जुना कॅसेट डेक काढला, आणि दिली जोडून वायर. आवाज असा आला, जणू कुणी रांजणात तोंड घालून बोलतंय. वर नुसती घूंऽऽ घूंऽऽ. एक गाणं संपेस्तोवर अ‍ॅम्प तव्यासारखा तापला, आणि बंदच पडला.

मामानं नूरमोहम्मदला बोलावलं. हा मामाचा शाळेपासूनचा दोस्त. शहागंजात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान, आता तिथं मोबाईलची कव्हरं जास्त विकतो. त्यानं स्पीकर मागून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"क्या बावला है क्या रे सांडू? हे स्पीकर चार ओमचे, लई ताकद खाणारे. तुझा अ‍ॅम्प आठ ओमचा, तो बी जेमतेम. लूनाला ट्रॉली बांधली तू!"

"मला कुठं गल्ली हलवायचीय? हळूच ऐकायचंय."

"हळू ऐकायलाच चांगला अ‍ॅम्प लागतो, यार. ह्याची स्वतःचीच घूं घूं एवढी की बारीक आवाज त्याच्याखाली दबून जातो. जोडी जमली पाहिजे. अ‍ॅम्प तगडा पाहिजे, आणि गप पाहिजे."

मामा हळूच म्हणाला...

"बांगडीचा आवाज निघंल का?"

नूरमोहम्मद हातातला टेस्टर तसाच धरून त्याच्याकडं बघत राहिला. त्याला ठाऊक होतं मामा कुणाच्या बांगडीबद्दल बोलतोय.

आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मामाला तरुणपणी रेडिओवरची गाणी टेप करायचा भारी नाद. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, गाणं लागलं की लाल बटण दाबायचं. खोलीत कुणी खोकलं तरी ते गाण्यात उतरायचं. म्हणून घरात कायदा होता. लाल बटण दाबलं की कुणी चकार शब्द काढायचा नाही. मामा नुसता पंजा वर करायचा, आणि मामी गप्प.

मामी तिथंच बसायची, रेडिओच्या शेजारी, खिडकीखाली पाटावर. हातभर काचेच्या बांगड्या. त्या वाजू नयेत म्हणून दोन्ही हातांच्या बांगड्या वर सरकवून कोपराशी घट्ट रुतवून ठेवायची. गाणं संपायचं, मामा बटण बंद करायचा. मगच ती बांगड्या खाली सोडायची... खळ्ळकन. आणि दर वेळी तेच विचारायची.

"झालं का हो? बोलू का आता?"

निम्म्या वेळा मामा पुन्हा पंजा वर करायचा. दुसरं गाणं लागलेलं असायचं.

बिचारी पुन्हा बांगड्या वर सरकवायची.

ती गेल्यावर मामाच्या ध्यानात आलं. घरात पेटीभर कॅसेटी. सगळ्या गाणाऱ्यांचे आवाज आहेत. मामाचा खोकला आहे. शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं आहे. आणि मामीचा आवाज... एक शब्द नाही. सगळा संसार शेजारी बसून काढला बाईनं, आणि कुठंच सापडत नाही. मामा हे मला सांगताना ढसाढसा रडला होता.

म्हणून त्याला तो अ‍ॅम्प पाहिजे होता. गाण्यांसाठी नाही. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत कुठंतरी तिचा श्वास, एखादी चुकून किणकिणलेली बांगडी सापडते का, एवढंच बघायचं होतं.

शुक्रवारी दुपारी नूरमोहम्मद रिक्षातून एक अ‍ॅम्प घेऊन आला. धोंड्यासारखा जड. कुणीतरी दुरुस्तीला टाकून न्यायलाच आला नव्हता. "चार ओम आरामात चालवतो. ठेव तुझ्याकडं, मला कुठं अंडी उबवायचीत त्याच्यावर."

स्पीकरवरची जाळी त्यानं काढून ठेवली. पेन्सिल सेल घेतला, वायरीच्या टोकांना टेकवला. ठप्! आतला काळा कोन, म्हणजे ती गोल कागदी वाटी, पुढं आला. दुसऱ्या स्पीकरलाही तसंच. ठप्!

"बघ, दोघं बी पुढं आले, म्हणजे वायर बराबर. आवाज आला की हा कोन हलतो. कोन हलल्याबगैर आवाज नाही. समझा?"

मग मामाची खुर्ची समोर ओढली. "इथं बस. आता आवाज डावीकडनं येणार नाही, उजवीकडनं बी नाही. मधोमध उभा राहील."

मधोमध म्हणजे खिडकीखाली. तिथं मामीचा पाट अजून तसाच होता.

अ‍ॅम्प चालू केला. घूं घूं नाही, खरखर नाही. एवढा गप, की मामाला वाटलं बंदच आहे. तेवढ्यात मशिदीतून मगरीबची, म्हणजे सांजेची, अजान झाली. नूरमोहम्मद म्हणाला, "नमाज पढून येतो, चहा टाकून ठेव," आणि गेला.

मामा एकटा राहिला.

त्यानं कॅसेट घातली. गाणं लागलं, आणि खरंच खिडकीखाली उभं राहिलं. गाणं संपलं. मधली शांतता आली. मामानं डोळे मिटले.

लांबून जाणारी रेल्वे ऐकू आली. मामाचाच खोकला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. बारीकसारीक सगळं निघत होतं.

मामी नव्हती.

रिवाइंड केलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा रेल्वे, खोकला, घड्याळ... आणि त्यांच्यामध्ये कुणीतरी श्वाससुद्धा जपून घेत बसल्यासारखी रिकामी जागा. मामाला उमाळा आला. "सारजे, एवढी कशी गं गप बसलीस माझ्यासाठी?"

कॅसेटची बाजू संपली. डेकचं बटण खट्कन आपोआप वर आलं.

घरात चिडीचूप.

मामा उठणार, तेवढ्यात...

खळ्ळ.

बांगड्या. कोपरापासून मनगटापर्यंत सरकत आलेल्या. खिडकीखालून.

मामाला आधी आनंदच झाला. सापडली! कॅसेटमध्ये होती! मग त्याची नजर डेककडं गेली. बटण वर आलेलं होतं. कॅसेट थांबलेली होती.

आणि तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. बांगड्या खाली सोडल्याचा आवाज कुठल्याच कॅसेटमध्ये असू शकत नव्हता. ती बटण बंद झाल्यावरच सोडायची ना!

त्यानं स्पीकरकडं पाहिलं. काळे कोन दगडासारखे स्थिर होते.

खुर्चीला खिळल्यासारखा बसून राहिला मामा.

मग आवाज आला. दबक्या, नेहमीच्या, घरातल्या आवाजात...

"झालं का हो? बोलू का आता?"

दीड वर्षानं. तोच आवाज. ज्याच्यासाठी जीव तीळ तीळ तुटत होता तोच.

आणि मामानं काय केलं असेल?

पंजा वर केला.

मुद्दाम नाही हो! भीतीनंही नाही. जन्माची सवय. ती बोलायला लागली की हात आपसूक वर जायचा, तसाच गेला. वर गेलेला आपला पंजा मामाला दिसला, तसा त्यानं तो झटकन खाली ओढला. "नाय नाय... सारजे, बोल! बोल गं!"

किण्... किण्... किण्...

बांगड्या एकेक करून वर सरकत होत्या. कोपराशी जाऊन थांबल्या.

मग काही नाही.

नूरमोहम्मद परत आला तेव्हा मामा त्या रिकाम्या पाटासमोर जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडत होता. चहा टाकलाच नव्हता.

त्या दिवसापासून मामाचा नेम झालाय. दिवेलागणीला तीच कॅसेट लावतो. खुर्चीत बसतो, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. बाजू संपते, बटण खट्कन वर येतं. मग मामा खिडकीकडं बघून म्हणतो, "झालं, सारजे. बोल आता." आणि अंधार पडेपर्यंत वाट बघतो.

काही येत नाही. मामा म्हणतो, रुसली. मनवीन तिला.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, एकट्या माणसाच्या मनाचे खेळ. पण मागच्या उन्हाळ्यात नूरमोहम्मदनं मला दुकानाबाहेर बाजूला घेतलं. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला...

"बेटा, एक सांगतो. सांडूला सांगू नक्को."

एका संध्याकाळी तो मामाच्या मागं बसला होता. खरं-खोटं काय ते एकदाचं कळावं म्हणून त्यानं खिशात मोबाईल ठेवलेला. कॅसेट संपली. मामा म्हणाला, "झालं, सारजे. बोल आता."

आणि खिडकीखाली... खळ्ळकन बांगड्या खाली आल्या.

मामाला आताशा कमी ऐकू येतं. त्याला कळलंच नाही. नूरमोहम्मदनं घाईघाईनं मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

लाल बटण.

किण्... किण्... किण्...

बांगड्या वर गेल्या.

"वो बोलने वाली थी, बेटा," नूरमोहम्मद म्हणाला. "मैंने चुप कराया."

मामाला हे मी सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडानं सांगू? ती रुसली नाही मामा, ती रोज तिथंच बसलीय, तुम्ही बोल म्हटलं की बांगड्या खाली सोडते, आणि तुम्हाला ऐकू येत नाही... हे कसं सांगायचं?

मी अजूनही मामाकडं जातो. पण उंबऱ्याच्या आत मोबाईल नेत नाही. बंद करून बाहेर बुटात ठेवतो.

परवा मामानं विचारलंच, "फोन कुठंय रे तुझा?"

"घरी राहिला," म्हटलं.

"बरं केलं," मामा म्हणाला, आणि हात मांड्यांखाली घालून बसला.